‘खालची आळी’ आणि तिचे वाचक

संपादकांनी कळवलंय, वाचनालयातल्या नोकरीच्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकं वाचायला बरं वाटतं. गमती होत्या. एक वकील खूण म्हणून पुस्तकात विडा ठेवायचे. तिथली दोन पानं कायमची चिकटायची. एक पेन्शनर रोज वर्तमानपत्रातलं हवामान वाचून दाराबाहेर आभाळाकडं बघायचे आणि ‘साफ खोटं’ म्हणून घरी जायचे. पण या गमती लिहायला बसलो की मध्ये एक कादंबरी आडवी येते. ती बाजूला सारून दुसरं काही लिहिता येत नाही, तेव्हा तिचंच लिहितो. हलकं नाही, हे आधीच सांगतो.

गावाचं नाव लिहीत नाही. चिखलीच्या पलीकडचं, घाटावरचं एक कसब्याचं गाव, एवढं पुरे. कादंबरीतही नाव वेगळंच होतं, पण पहिल्या पानावरचा उतार आणि उताराखालची ती वाकडी आळी वाचून सगळ्यांनी गाव ओळखलं.

तेव्हा आम्ही मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो. सरकारी हुकूम नागपूरहून यायचे आणि पुस्तकं पुण्याहून. पुण्याच्या पुस्तकांत नद्या होत्या, पूल होते, कॉलेजातली मुलं-मुली होती. आमच्यासारखी माणसं त्यांत आलीच तर गडी म्हणून दोन वाक्यं बोलून जायची. वाचनालय म्हणजे दोन खोल्या आणि पुढं ओटा. माझं काम पुस्तकं देणं-घेणं, फाटलेली कणकेच्या खळीनं चिकटवणं, खळीत कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालणं. आणि संध्याकाळी ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणं. गावात वाचता येणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ, म्हणून कमिटीनं हे काम माझ्या नोकरीतच घातलं होतं. मोठ्यानं वाचणाऱ्याचा एक नियम असतो. पदरचं घालायचं नाही आणि समोर कोण बसलंय ते बघून गाळायचं नाही. ऐकणाऱ्याला पान दिसत नाही; त्याचा सगळा भरवसा आपल्या तोंडावर असतो.

गजानन खालच्या आळीतलाच. माळ्याचा मुलगा. त्याची आई बाजारात वांगी, मेथी घेऊन बसायची. तो शिकायला नागपूरला गेला, पुढं पुण्याला शाळेत मास्तर झाला. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आधी त्याची कादंबरी निघाली, ‘खालची आळी’. पार्सल फोडताना मला केवढा आनंद झाला होता. आपल्या गावच्या पोराचं नाव, पुठ्ठ्यावर, छापलेलं.

पुण्याच्या मासिकांनी तिचं कौतुक केलं. बोलीचा गोडवा, रांगडी माणसं, मातीचा वास, असं बरंच. गावातल्या शिकलेल्यांना मात्र तो गोडवा झोंबला. एक निवृत्त नायब तहसीलदार पुस्तक घेऊन गेले आणि परत आणलं तेव्हा पहिल्या प्रकरणातल्या प्रत्येक ‘मले’चं पेन्सिलीनं ‘मला’ केलेलं होतं. म्हणाले, “पुण्याचे लोक हे वाचतील आणि आपल्याला हसतील. गावाची अब्रू आहे.” मी दुपारभर रबरानं खोडत बसलो. कापसाचा एक अडत्या वेगळ्याच कारणानं नाराज झाला. त्यानं पुस्तक दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, “याच्यात मी कोणता?” मी म्हटलं, “तुम्ही नाही यात.” तो म्हणाला, “काऊन? त्याच्या बापाचा भाजीपाला मी वर्षानुवर्षं घेत आलो.” कमिटीच्या बैठकीत पुस्तक काढून टाकावं असंही निघालं होतं, पण सभासदांपैकी काहींचा वाचायचा नंबर अजून यायचा होता, म्हणून तो विषय पुढं गेला.

इथपर्यंत गंमतच होती.

कादंबरीत यमुना नावाची सून आहे. सासू तिला छळते. एका उन्हाळ्यात भर दुपारी पाण्याला धाडते. यमुनेचा पाय घसरून ती विहिरीत पडते. सासू काठावर येते. तिच्या पायाशी दोर पडलेला असतो. ती तो खाली सोडत नाही, नुसती बघत उभी राहते. खालून यमुना ‘बा, ओ बा’ अशी आपल्या बापाला हाका मारते आणि हळूहळू आवाज थांबतो.

यमुना कोण हे गावाला सांगावं लागलं नाही. त्याच आळीत काही वर्षांपूर्वी शेवंता नावाची सून विहिरीत पडून गेली होती. पंचनाम्यात पाय घसरला असं लिहिलं गेलं आणि गाव गप्प बसलं. तिची सासू गोदाबाई, विधवा, जिभेची तिखट. शेवंताचा बाप पुंजाजी, लांबच्या उंद्री गावचा.

आळीतल्या लोकांनी सांगितलं, आम्हाला आमचं पुस्तक वाचून दाखवा. मी आठवडाभर संध्याकाळी वाचलं. ओट्यावर जागा उरली नाही. बाया रस्त्याच्या पलीकडं पदर सावरून बसल्या. मग विहिरीचं प्रकरण आलं. वाचून झाल्यावर एक म्हातारा म्हणाला, “आपल्याले वाटेच तवा.” बायांमधून कोणीतरी रडत होतं. त्या रात्रीपासून गोदाबाईच्या घरी विस्तव मागायलाही कोणी जाईना. तिच्या मुलाचं दुसरं लग्न देऊळगावच्या बाजूला जुळत आलं होतं. त्या लोकांपर्यंत पुस्तक गेलं नाही, पुस्तकाची गोष्ट गेली. लग्न मोडलं. मुलगा खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेला तो परत आला नाही, आणि ती घरात एकटी राहिली.

पुंजाजी आला तो बाजाराच्या दिवशी. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, पायांवर उंद्रीपासूनची धूळ. वाचनालयात तो पहिल्यांदाच येत होता. वहाणा दाराबाहेर काढून, देवळात शिरावं तसा आत आला आणि भिंतीशी बसला.

“मास्तर, माही पोरगी कशी मेली, थे तुमच्या पुस्तकात लिहेल हाय म्हंतात.”

मी म्हटलं, “बाबा, ती कादंबरी आहे. गोष्ट आहे.”

“हाव. पन छापेल हाय ना?”

“छापलेली आहे.”

“मंग वाचा.”

मला गाळावंसं वाटलं. दोर आणि उभी राहिलेली सासू, एवढं तरी. पण तो माझ्या तोंडाकडं असा बघत होता की मला ते करता आलं नाही. मी सगळं वाचलं. ‘बा, ओ बा’ आलं तेव्हा त्यानं हात वर करून मला थांबवलं.

“थे पुन्हा वाचा.”

मी पुन्हा वाचलं.

“मलेच हाका मारत होती,” तो म्हणाला. रडला नाही. “मी त्या दिवशी वावरात होतो. मले काई ऐकू आलं नाई.”

उंद्री आमच्या गावापासून एवढी लांब, ऐकू कुठून येणार? पण हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

त्यानंतर तो बहुतेक बाजाराला यायचा. आपलं काम आटोपून वाचनालयात यायचा, भिंतीशी बसायचा, आणि मी पुस्तक काढायचो. पुढंपुढं तो फक्त हाकेची तेवढी ओळ ऐकायचा. पुस्तक त्याच एका पानावर आपोआप उघडायला लागलं होतं. माझ्या सगळ्या नोकरीत एकाच पानासाठी इतक्या वेळा आलेला दुसरा वाचक मी पाहिला नाही, आणि त्याला वाचता येत नव्हतं.

त्याच वर्षी हिवाळ्यात एका दुपारी गोदाबाई आली. बाया वाचनालयात येत नसत. दुपारी तिथं कोणी नसतं हे तिनं हेरून ठेवलं असावं. पदर पार नाकापर्यंत ओढलेला. म्हणाली, “त्यानं माहं काय लिहिलं थे मले ऐकाचं हाय.”

तिलाही मी वाचून दाखवलं, सगळं. ती उभ्यानंच ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “दोर कुठून आनला त्यानं?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“आमच्या हिरीवर दोर नसते, मास्तर. जो तो आपल्या घरून दोर-बादली नेते. तिनं नेला होता. दोर तिच्यासंगंच खाली गेला. मी आळीभर पयाली. दोर द्या, दोर द्या, म्हनून बोंबलली. एक दार उघडलं नाई.”

“एकही नाही?”

“मी रोजच बोंबलाची. आजबी सुनेच्या नावानं बोंबलून राह्यली, असं समजले असतीन. दोर घेऊन आली मी दुसऱ्या आळीतून, तवा पानी शांत झालं होतं.” तिनं पदर पुन्हा पुढं ओढला. “मी तिले छळलं नाई, असं मी म्हनत नाई. पन हे नाई लिहिलं त्यानं. दारं बंद होते, हे नाई लिहिलं.”

हे खरं की खोटं, मला आजतागायत माहीत नाही. ती स्वतःला वाचवत असेल. पण माझ्या डोळ्यांपुढं तो ओटा आला. आठवडाभर मांडीला मांडी लावून बसलेली, उसासे टाकणारी सगळी आळी. खरं असेल तर त्यातल्या प्रत्येकाच्या घरात तेव्हा दोर होता.

जाताना तिनं विचारलं, “तुमी त्याले सांगान?”

मी हो म्हटलं.

सांगायची वेळ उन्हाळ्यात आली. गजाननची आई आजारी पडली म्हणून तो आला. पुण्यात त्याचे सत्कार झाले होते. गावात त्याला बघून माणसं पारावरून उठून जात. आईशीही कोणी नीट बोलत नव्हतं. बाजारात बाया तिची वांगी हातात घेऊन परत ठेवायच्या आणि म्हणायच्या, “नको माय, तुहा पोरगा लिहून ठेवन.” तो वाचनालयात आला तेव्हा मला तो आधीपेक्षा लहान वाटला. मी त्याला गोदाबाईचं म्हणणं सांगितलं. त्यानं डोकं हातात धरलं.

“मी तेव्हा नागपूरला होतो,” तो म्हणाला. “आईनं सांगितलं तेवढंच मला माहीत. शेवंता पडली आणि मेली. दोर मी घातला. प्रसंगाला जोर हवा होता.”

“आणि बापाला मारलेल्या हाका?”

“त्याही मीच.”

“पुंजाजी आज बाजाराला येईल. तो विचारेल.”

“काय सांगू त्याला? खोटं कसं सांगायचं?”

मी म्हटलं, “पुस्तकात सांगितलंच की.”

बोललो आणि त्याचा चेहरा बघून वाईट वाटलं. तो चांगला मुलगा होता. आपल्या आळीचं दुःख कोणीतरी लिहावं म्हणून त्यानं लिहिलं होतं, आणि तोवर कोणीच लिहिलं नव्हतं, हेही खरंच होतं.

पुंजाजी आला. मी ओळख करून दिली, “बाबा, हे पुस्तक यांनी लिहिलं.” पुंजाजीनं वाकून त्याच्या पायाला हात लावायला घेतला. गजानन झटकन मागं सरला आणि त्याच्या समोर जमिनीवर बसला.

“तुमाले कोनं सांगतलं जी,” पुंजाजीनं विचारलं, “का थे मलेच हाका मारत होती?”

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. गजानन काहीही सांगू शकला असता. कोणीतरी ऐकलं होतं, आईनं सांगितलं होतं. म्हातारा तेवढ्यावर समाधानानं मेला असता. पण गजानन म्हणाला, “मामा, कोणी सांगितलं नाही. मी तिथं नव्हतो. ते मी मनानं लिहिलं.”

“मनानं?”

“हो. गोष्ट लिहितात तशी.”

“मंग दोर? थे बुढी उभी होती, थे?”

“तेही मनानंच.”

पुंजाजीला ते कळायला वेळ लागला. तो एकदा माझ्याकडं बघायचा, एकदा टेबलावरच्या पुस्तकाकडं. मला वाटलं होतं तो चिडेल. तो चिडला नाही. एखाद्या लहान पोराला विचारावं तसं त्यानं हळू विचारलं, “सगळं तुमच्याच हातात होतं, तं मंग तिले वाचवाचं होतं ना. काऊन नाई वाचवलं?”

इतकी वर्षं मी पुस्तकं हाताळली, शोकान्त, सुखान्त यांवर सभासदांचे वाद ऐकले, पण हा प्रश्न असा कोणी विचारला नव्हता. पुंजाजी उठला, घोंगडी झटकली, वहाणा घातल्या. पुढच्या बाजाराला तो आला नाही. नंतरही नाही.

जाण्याआधी गजानन गोदाबाईच्या दारात गेला. तिनं दार उघडलं नाही. आतून म्हणाली, “आता काय लिहाचं राह्यलं?” तो तसाच सर्व्हिस मोटारीनं परत गेला. पावसाळ्यात त्याची आई वारली, तेव्हा तो पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

मग लढाई आली. कागद मिळेना, नवी पुस्तकं थांबली, जुनीच पुन्हा पुन्हा शिवत मी दिवस काढले. त्या काळातच गोदाबाई गेली. शेजारच्यांना वास आला तेव्हा कळलं. खांदा द्यायला माणसं जमवावी लागली. मी गेलो होतो. तिच्या घरात, आढ्याच्या खुंटीला, एक नवाकोरा दोर गुंडाळून टांगलेला होता. शेवंता गेल्यानंतर घेतलेला असावा. बरोबरच्या कुणाला त्यात काही विशेष दिसलं नाही. तिरडी बांधायला दोरी कमी पडली, तेव्हा कोणीतरी तोच काढला.

लढाई संपल्यावर ‘खालची आळी’ची दुसरी आवृत्ती निघाली. गजाननानं मला प्रत पाठवली. मी आधी विहिरीचंच प्रकरण उघडलं. त्यानं ते पार बदललं होतं. यमुना पडते, सासू ओरडत आळीभर धावते, दारं उघडतात, माणसं दोर घेऊन येतात, तिला वर काढतात. शेवटी बाप तिला बैलगाडीत घालून माहेरी नेतो. पुण्याच्या मासिकांनी लिहिलं, लेखकानं कलाकृतीचा कणाच मोडला, शेवट गुळगुळीत केला. त्यांचंही खोटं नव्हतं. वाचनाला पहिलंच पुस्तक सरस होतं, हे मी इतक्या वेळा वाचून सांगू शकतो.

आळीतल्या लोकांना मात्र नवं पुस्तक फार आवडलं. मी ते ओट्यावर वाचलं. दोर घेऊन माणसं धावली तिथं माना डोलल्या. पहिल्या वाचनावेळचा तोच म्हातारा, आता आणखी म्हातारा, समाधानानं म्हणाला, “आता बराबर लिहिलं पोरानं. आपली आळी तशीच हाय. कोनाचं काई झालं का सगये धावतात.” कोणीच काही बोललं नाही. मीही नाही. माझं काम वाचायचं होतं. पण त्या दिवसानंतर ओट्यावर वाचायला बसलो की समोरच्या माणसांकडं बघायला नको वाटायचं, आणि काही महिन्यांनी मी कमिटीला सांगून ते काम शाळेतल्या एका मास्तरांकडं दिलं.

पुस्तक घेऊन मी उंद्रीला गेलो. खामगावच्या मोटारीनं उतरलो, विचारत विचारत पुंजाजीचं वावर गाठलं. ज्वारीची कापणी चालली होती. तो खूप वाकला होता, पण मला त्यानं ओळखलं. बांधावर बाभळीच्या सावलीत बसवलं, गाडग्यातलं पाणी दिलं.

“बाबा, त्यानं पुस्तक पुन्हा लिहिलं. तुम्ही म्हटलं तसं केलं.”

“वाचवलं?”

“हो.”

“वाचा बरं.”

मी वाचलं. दारं उघडली, दोर आले, पोरगी वर आली. तो डोळे मिटून ऐकत होता. बाप बैलगाडी जुंपून येतो, ओल्या लुगड्यातल्या पोरीला घोंगडीत गुंडाळतो, तिथं त्याचे हात मांडीवर जरासे हलले. गाडी माहेरच्या शिवेत शिरते आणि प्रकरण संपतं. मी पुस्तक मिटलं.

पलीकडं कापणाऱ्या बाया एकमेकींना काहीतरी सांगून हसत होत्या.

“चांगलं हाय,” तो म्हणाला. “पन हे माह्या शेवंताचं नाई, मास्तर. हे दुसऱ्या कोनाच्या तरी पोरीचं हाय.”

मग विळा हातात घेऊन तो उठला.

“वाचली, बरं झालं,” म्हणाला, आणि ज्वारीत गेला.